साक्ष: टिळकांच्या घरातली

(दृश्य: नागपूरहून पूर्वेकडे निघालेली पॅसेंजर. खिडकीशी बसलेली माणसं, कुणी डबा उघडलेला, कुणी डुलकी काढतंय.)

1893 चा सुमार. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एक मराठी गृहस्थ बसला आहे. वय तिशीच्या थोडं पुढे. जन्म कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातला. संस्कृत चांगलं येतं आणि कविता तर लहानपणापासूनच अंगात आहे. पोटासाठी गावोगाव फिरून झालंय. मनात एक मोठी उलथापालथ चालू आहे. या देशाला जातिभेदाच्या पलीकडे नेणारा, एका देवाचा आणि माणसामाणसांतल्या बंधुत्वाचा एखादा नवा धर्म काढावा, असं त्याला वाटू लागलं आहे. त्याचं नाव नारायण वामन टिळक.

डब्यात एक गोरा गृहस्थ चढतो. त्या काळात साहेब डब्यात आला की आपल्या माणसाने अंग चोरायचं, नाहीतर मुकाट उठून दुसरा डबा गाठायचा. टिळकांचीही तीच अपेक्षा होती. पण हा माणूस अदबीने बोलतो, सरकून बसतो आणि बोलणं सुरू होतं ते संस्कृत काव्यावर. बराच वेळ दोघं कवितेतच रमतात. मग तो टिळकांना येशू ख्रिस्ताविषयी विचारतो, पिशवीतून नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, एक प्रत काढून त्यांच्या हातात देतो आणि सरळ सांगतो की हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल.

टिळकांना ते भाकीत अगदीच अशक्य वाटलं. पण पुस्तक वाचायचा शब्द त्यांनी दिला. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. त्या माणसाचं नावही टिळकांना कधी कळलं नाही.

या प्रवासाबद्दल महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये पुष्कळ बोललं जातं, आणि बहुतेक वेळा भर असतो त्या दोन वर्षांच्या भाकितावर. मला मात्र त्याच्या आधीचा भाग मोलाचा वाटतो. त्या माणसाने समोरच्याला आधी जागा दिली. त्याला काय आवडतं, तो कशात मुरलेला आहे, हे समजून घेतलं. राज्य करणाऱ्यांपैकी एक असूनही तो टिळकांशी बरोबरीने बोलला. आणि एवढं सगळं झाल्यावर मूळ गोष्ट बोलायला तो कचरला नाही. आपण इथेच अडखळतो. आपल्यापैकी कित्येकांची वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी जिव्हाळ्याची मैत्री असते, पण प्रभूचं नाव ओठांवर येताना जीभ अडते. तर काहींचं याच्या उलट. समोरच्याचं नाव-गाव विचारण्याआधीच हातात धर्मप्रचाराची पत्रिका ठेवलेली असते.

(दृश्य: जुन्या नव्या कराराची पानं. समासात पेन्सिलीच्या खुणा.)

टिळकांनी वाचायला घेतलं. महत्त्वाचं वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, अशी त्यांची पद्धत. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायाशी आले आणि पुढचं वाचन थांबलं. पाच, सहा, सात. येशूचं डोंगरावरचं प्रवचन. या तीन अध्यायांपासून त्यांचं मन हलेना. ज्या प्रश्नांशी ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून झगडत होते, त्यांची उत्तरं आपल्याला इथे मिळाली, असं त्यांनी पुढे सांगितलं. पुढे ते असंही सांगत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून. मागचं सगळं मोडून टाकून ते आले नव्हते.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो एका भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, ही त्यांची इच्छा होती, आणि तसंच झालं.

आता यापुढची गोष्ट सांगताना आपल्या सभांमध्ये जरा घाई केली जाते. आपण ती करायची नाही.

(दृश्य: नाशिकजवळ गोदेचा काठ. जलालपूरची वाट.)

लक्ष्मीबाई, टिळकांची पत्नी. जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, जन्म 1868 चा. माहेर कडक सोवळ्याचं. अकरा-बारा वर्षांची असताना लग्न झालं. नवरा कवी, रागीट, उदार. घरात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा आणि न सांगता घराबाहेर पडणारा. असा नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा पदरात लहानगा दत्तू होता. सासर-माहेरच्या लोकांच्या दृष्टीने तर नवरा जिवंत असून मेल्यासारखाच. त्या दिवसांतला आक्रोश लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. तो वाचताना आजही घशात आवंढा येतो.

टिळकांच्या धैर्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. समाजाने वाळीत टाकणं, नातेवाइकांचा संताप, उपजीविकेची अनिश्चितता, हे सगळं त्यांनी पत्करलं. पण त्या धैर्याची सगळ्यात मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि ती मोजायची की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साक्ष देणाऱ्या, म्हणजे आपला विश्वास लोकांपुढे सांगणाऱ्या, प्रत्येकाने हे डोळ्यांसमोर ठेवावं असं मला फार वाटतं. आपण एकटे कधीच पाऊल टाकत नसतो, बरोबर घरही ओढलं जातं.

पण टिळकांची खरी साक्ष सुरू झाली ती यानंतर. ते पत्रं लिहीत राहिले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, बायकोला सोडून दिलं नाही. चार-पाच वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र राहू लागले, आणि तेही लक्ष्मीबाईंच्या अटींवर. लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. त्यांचं सोवळं होतं, पाणी निराळं, स्वयंपाक निराळा. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या आवारात राहूनही त्या आपला आचार पाळत राहिल्या, आणि टिळकांनी तो त्यांना पाळू दिला. ते ख्रिस्ताविषयी बोलत, भरपूर बोलत. पण बायकोला त्यांनी बाप्तिस्म्यासाठी कधी धरून नेलं नाही.

विचार करा, हा माणूस स्वभावाने शीघ्रकोपी. ज्या गोष्टीसाठी त्याने सर्वस्व ओवाळून टाकलं, तीच गोष्ट घरातलं सगळ्यात जवळचं माणूस नाकारत होतं. आणि तो थांबला.

लक्ष्मीबाईंचा पालट झाला तो त्यांच्याच डोक्याने. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच भिडल्या, आणि ती माणसाने केली असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी सोवळं सोडलं. मग हळूहळू बाकीच्या गाठीही सुटत गेल्या. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे याच बाईंनी अनाथ मुलांना घरात घेतलं, प्लेगच्या रोग्यांची सेवा केली आणि कीर्तनाला उभं राहून शेकडो लोकांपुढे ख्रिस्ताची कथा सांगितली.

(दृश्य: टाळ, मृदंग. छोट्या चर्चमध्ये चाललेलं भजन. बायका-पुरुष जमिनीवर बसलेले.)

कीर्तनाबद्दल सांगायलाच हवं. आपल्या भाषेत ख्रिस्ताची गोष्ट सांगण्याची परंपरा जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं. पण एकोणिसाव्या शतकात मिशनच्या देवळांतून जी गीतं गायली जात, त्यांतली पुष्कळशी परदेशी चालींवर बसवलेली. मराठी माणूस त्या चालींवर गाई, पण डोलत नसे. टिळकांनी अभंग दिले, ओव्या दिल्या, भजनं दिली. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये रविवारी उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडा. पानापानावर टिळक भेटतील. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली सुरू केलेल्या ज्ञानोदय या नियतकालिकातून त्यांचं लेखन येत राहिलं आणि 1912 पासून त्याच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं. ख्रिस्ती होणं म्हणजे मराठी असणं सोडणं, हा समज त्यांनी भाषण न करता नुसत्या गाण्याने खोडून काढला.

आणि त्यांच्या घरात कोण राहत होतं ते पाहा. त्र्यंबक बापूजी ठोमरे. बालकवी! 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात हा विशीही न गाठलेला मुलगा गाजला आणि टिळक दांपत्याने त्याला पुढे आपल्या घरी नगरला ठेवून घेतलं, पोटच्या मुलासारखं सांभाळलं. बालकवी हिंदूच राहिले. 1918 साली रेल्वे अपघातात ते गेले तेव्हाही हिंदूच होते. टिळकांचं प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालं नव्हतं. ज्या घरात उठता-बसता ख्रिस्ताचं नाव होतं, त्या घरात एक पोर निश्चिंत मनाने फुलराण्या आणि निर्झर पाहत होतं. प्रेम हे बाप्तिस्म्याचं आमिष नसतं, हे मला कुणी दाखवायला सांगितलं तर मी या घराकडे बोट दाखवीन.

आमिष हा शब्द आला आहे तर थोडं स्पष्ट बोलू. भारताच्या राज्यघटनेचं कलम 25 धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्यापुढे मांडणं हा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा हक्क नाही. कायद्याच्या अंगाने यावर वाद होत राहतील. ख्रिस्ताच्या शिष्यासाठी मात्र हे नवं नाही. पालट देव घडवतो, आपल्याकडे सोपवलंय ते सांगणं. भुकेल्याला भाकरी द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. त्या भाकरीला अट जोडली की ती सेवा राहत नाही, सुवार्ता तर नाहीच नाही. आपल्यावर खोटे आरोपही होतात, हे खरं आहे आणि ते सोसावं लागतं. पण एखाद्या आरोपात तथ्य असेल, तर ते कबूल करायला आपण सगळ्यांच्या आधी उभं राहिलं पाहिजे.

(दृश्य: डिसेंबरची संध्याकाळ. चाळीतला एक दरवाजा, वर तारा लावलेला. ताटात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या.)

मग रोजच्या जगण्यात हे कसं करायचं?

नाताळचा फराळ शेजारी जातो. दिवाळीचा त्यांच्याकडून आपल्याकडे आलेला असतो. ताट परत करताना शेजारच्या काकू विचारतात, "तुमच्यात या दिवशी नेमकं काय असतं गं?" किती जणी उत्तर देतात, "काही नाही हो काकू, चर्चला जातो, केक खातो." एवढं साधं दार उघडलेलं असतं आणि आपणच ते लोटून घेतो. काकूंना पाच मिनिटांत सांगता येईल की देव गोठ्यात जन्माला आला असं आम्ही मानतो, आणि त्यामुळे माझ्या आयुष्यात हे-हे बदललं. यात कुणाच्या देवाला नावं ठेवायची गरज नाही. काकूंच्या देवघराबद्दल आपणही आस्थेने विचारावं आणि उत्तर नीट ऐकावं.

ऑफिसातल्या सहकाऱ्याची आई दवाखान्यात आहे. "मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" हे विचारून करावं. बहुतेक माणसं "हो" म्हणतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. कुणी "नको" म्हणालं तर डबा घेऊन जावं, रात्री सोबत बसावं. ती प्रार्थना घरी एकट्याने करता येते. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे जणांना वचन पाठवणं सोपं आहे. आयसीयूच्या बाहेर बाकावर रात्र काढणं जड जातं. माझ्या मते दुसऱ्याशिवाय पहिल्याला फारसं वजन येत नाही.

आणि कामाच्या जागी खोटं बिल बनवायला आपण नकार देतो, तेव्हा कुणीतरी विचारतंच की एवढं काय अडलंय? तिथे "माझा स्वभावच तसा" म्हणून सुटू नये. कारण सांगावं. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात हेच लिहिलंय, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात. तुमच्यातल्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यपणे आणि आदराने द्या. पेत्राने हे लिहिलं ते छळ सोसणाऱ्या लोकांना, हे विसरू नये.

(दृश्य: सातारा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची वस्ती.)

टिळकांनी शेवटच्या दोन वर्षांत आणखी एक धाडस केलं. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्याला राहू लागले आणि त्यांनी देवाचा दरबार उभा केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे यायची मोकळीक होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. मिशनमधल्या पुष्कळांना हे मानवलं नाही. टिळक मागे हटले नाहीत. ख्रिस्ताचे शिष्य त्याच्याभोवती आधी गोळा झाले होते, चर्चच्या सभासदांची नोंदवही नंतर आली, असंच जणू ते सगळ्यांना आठवण करून देत होते.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी घेतलं होतं. ख्रिस्तायन. थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेलं काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईंनी अध्यायामागून अध्याय लिहिले. 1936 साली त्या गेल्या, तोवर त्या काव्याचा फार मोठा भाग त्यांच्याच ओव्यांनी भरलेला होता. कधीकाळी ज्या नावाने त्यांचं घर मोडलं होतं, त्या नावाची कथा त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या मर्जीने लिहिली.