गाणं सोडून बाकीचं

आयोजकांनी विषय दिलाय कलाकाराचा जीवनाकडे बघण्याचा दृष्टिकोन. एवढं जड माझ्याच्याने बोलवणार नाही, त्यापेक्षा गाणं सोडून मी काय उद्योग करतो ते सांगतो. लोकांना वाटतं गाणारा माणूस घरी चोवीस तास गाणंच ऐकत असणार. अहो, उलट आहे. आमचा कान बंदच होत नाही ही खरी अडचण. पंखा कुठल्या सुरात घुमतोय, लिफ्टचा आवाज आज किंचित उतरलाय का, सगळं आपोआप मोजलं जातं, आणि दुसऱ्याचं गाणं तर आराम म्हणून ऐकताच येत नाही, पहिल्या मिनिटालाच डोक्यात परीक्षक खुर्ची टाकून बसतो. मग असं काहीतरी लागतं जिथे आपण कच्चे आहोत आणि कोणी वाहवा करणार नाहीये.

माझं ते सायकल. चाक आउट झालेलं असतं ना, म्हणजे फिरताना डावीउजवीकडे डुलतं, तो आउट काढायला बसलो की संध्याकाळ कुठे जाते कळत नाही. निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट, पाव फेरा फिरवायचं, चाक फिरवून ब्रेकच्या रबराला रिम कुठे घासतेय बघायचं, परत पाव फेरा. घाईत जास्त फिरवलं की लगेच दुसऱ्या बाजूला डुलायला लागतं. आणि गंमत म्हणजे कानापासून सुटका म्हणून हे धरलं तर इथेही स्पोक बोटाने छेडून बघावा लागतो, ढिला असेल तर खाली बोलतो, ताणलेला वर, एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात आले की समजायचं ताण सारखा बसला!

मोठ्या लोकांचंही असंच होतं. भीमसेनजींचं गाडीचं वेड सगळ्यांना माहितीये, लांबलांबच्या मैफलींना स्वतः गाडी चालवत जायचे. चेक संगीतकार द्वोर्झाक प्रागच्या स्टेशनवर तासन्‌तास इंजिनं बघायचा, १८९२ मध्ये न्यूयॉर्कला नोकरीवर गेला तर तिथे प्लॅटफॉर्मवर असं सहज सोडेनात, मग गडी बंदरावर बोटी बघायला जायला लागला. अमेरिकन संगीतकार जॉन केजने तर १९५९ मध्ये इटलीतल्या टीव्ही क्विझवर मशरूमबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं देऊन ५० लाख लिरा जिंकले. आणि क्वीन या रॉक बँडचा गिटारवाला ब्रायन मे, त्याने बँडसाठी सत्तरच्या दशकात अर्धवट टाकलेली खगोलशास्त्राची पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली, विषय काय तर सूर्यमालेतली धूळ.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, याचा संगीताला काय फायदा? मला हा प्रश्नच पटत नाही. प्रत्येक आवडीने गाण्याची चाकरी केलीच पाहिजे का? सायकलमुळे माझी तान काही सुधारलेली नाही. हां, शिकवताना चिडणं कमी झालंय, कारण मेकॅनिकला मी तेच तेच परत विचारतो आणि तो शांतपणे परत दाखवतो, तेव्हा न येणाऱ्याच्या जागी मीच असतो.

पालक येतात, म्हणतात मुलाचं क्रिकेट बंद करतो, रियाजाला वेळ मिळेल. मी म्हणतो राहू द्या हो, खेळू दे. फक्त तबला शिकत असेल तर विकेटकीपर करू नका.