पंपिंग 25 टक्के

(दृश्य: पहाट. स्वारगेट एसटी स्थानक. लांब पल्ल्याची गाडी रिकामी होते आहे.)

सोलापूर, धाराशिव, सातारा. पहाटे पुण्यात उतरणाऱ्या गर्दीत अशी एखादी आई हमखास असते. खांद्यावर बाळ, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स आणि घडी पडू न देता जपलेला इकोचा, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्यातला एक आकडा तिला पाठ असतो. पंपिंग 25 टक्के.

आईबापांना हा आकडा मार्कांसारखा ऐकू येतो. शंभरातले 25, म्हणजे लेकरू नापास. पण धडधाकट हृदयही शंभर गाठत नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण 55 ते 70 टक्केच दर ठोक्याला बाहेर जातं. 25 कमी आहे, धोक्याचंही आहे. तरी “एवढ्याशा जिवाला ऑपरेशन सोसेल का?” असं ती विचारते, तेव्हा डॉक्टर आधी शोधतात ते एकच: हे हृदय दमलं कशानं?

(दृश्य: दूध पिता पिता थांबलेलं बाळ. कपाळावर घाम.)

एक दुर्मीळ दोष पाहा. हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारी धमनी महाधमनीतून निघायची, ती फुप्फुसाच्या धमनीतून निघालेली असते. आईच्या पोटात काही बिघडत नाही. जन्मानंतर काही आठवड्यांत फुप्फुसाच्या धमनीतला दाब उतरतो आणि हृदयाच्या स्नायूची उपासमार सुरू होते. दोन-तीन महिन्यांचं बाळ दूध ओढताना घामाघूम होतं, कळवळून रडतं. घरात वाटतं, पोटात दुखत असेल, गुटी उगाळा. पण दूध पिणं हीच त्या वयातली सगळ्यात मोठी मेहनत. मोठ्या माणसाला जिना चढताना छातीत कळ यावी, तशीच ती कळ असते.

शस्त्रक्रियेत ती धमनी सोडवून महाधमनीला जोडतात. पंपिंग सुधारेपर्यंत थांबू, असं इथे म्हणून चालत नाही. औषधांनी धमनी जागेवर येत नाही. उपाशी स्नायू बराचसा जिवंत असतो, निपचित पडलेला. रक्त मिळू लागलं की महिन्या-महिन्यानं तो उठतो आणि वर्षभरात पुष्कळ बाळांचं पंपिंग नॉर्मलच्या जवळ येतं. इकोच्या पडद्यावर हे पाहण्याइतका आनंद मला क्वचितच कशानं झाला असेल.

महाधमनी जन्मतः अरुंद असलेल्या बाळांचंही असंच. पाइपवरचा पाय काढला की पाणी वाहतं.

(दृश्य: अतिदक्षता विभाग. रात्र.)

जोखीम मात्र खरी असते. अशा शस्त्रक्रियेसाठी बहुतेकदा हृदय थांबवावं लागतं, आणि नंतरच्या पहिल्या 6 ते 12 तासांत त्याचा जोर आणखी उतरतो. आधीच दुबळ्या हृदयाकडे तेव्हा खर्चायला शिल्लक फार थोडी असते. म्हणून नर्स तासातासाला लघवी मोजतात, तळपाय गरम आहेत का ते हात लावून पाहतात. काही बाळांना हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या ‘एक्मो’ या यंत्राचा आधार काही दिवस लागतो. काही बाळं वाचत नाहीत. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला हे आधी सांगितलेलं असतं, सांगायलाच हवं.

(दृश्य: हिंजवडी. कंपनीच्या बसमधून उतरणारा तिशीतला तरुण.)

याच्या छातीवर मधोमध जुना व्रण आहे. लहानपणी ओठ निळे पडायचे. फॅलोट्स टेट्रालॉजी हा हृदयाचा जन्मजात दोष होता. ऑपरेशन झालं, घरच्यांनी पेढे वाटले, विषय संपला. अशा कित्येकांची फुप्फुसाकडची झडप पुढे वर्षानुवर्षं गळत राहते आणि उजवा कप्पा हळूहळू ताणत जातो. एका मर्यादेपलीकडे ताणला, की नवी झडप बसवूनही तो पूर्ववत होत नाही. त्यामुळे झडपेची वेळ धाप लागण्याच्या आधीच, एमआरआयवर कप्प्याचं माप घेऊन ठरवावी लागते. त्यासाठी माणूस तपासणीला यायला हवा.

“शेवटचा इको कधी केला होता?” डॉक्टर विचारतात.

तो जरा आठवतो. “दहावीत असताना.”