वजडी कुठं जाते?

ज्वारी निघाली, रान मोकळं झालं. धाराशिव जिल्ह्यातल्या या शेतात लेंडीखतासाठी मेंढ्या बसवल्यात. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढ्या, बाहेर दोन कुत्री. लांडग्याची चाहूल आधी यांनाच लागते.

(आठवडी बाजार)

खाटकाच्या ओट्यावरचं हे मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत. कडेचा पांढुरका फुगा नीट पाहा. आत नितळ पाणी आहे. ही जंताची गाठ. डॉक्टर हिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. गिऱ्हाईक नाक मुरडेल म्हणून सुरीनं तेवढाच तुकडा काढला, वजडीसोबत, म्हणजे पोटातल्या आतड्या-कोथळ्यासोबत, ओट्याखाली टाकला. कुत्रं तिथंच बसून होतं.

त्या पाण्यात वाळूसारखे बारीक कण असतात. त्यांत असतात जंतांची डोकी. कुत्र्याच्या आतड्यात सहा-सात आठवड्यांत त्यांचे अंडी घालणारे पट्टकृमी होतात.

(सूक्ष्मदर्शक)

हा तो. लांबी २ ते ७ मिलिमीटर, पेरं तीन-चार. एका कुत्र्यात असे हजारो मावतात आणि कुत्रं ठणठणीत असतं. अंड्यांनी भरलेलं शेवटचं पेर गळतं, विष्ठेतून रानात येतं. गवतावर, मेथीच्या वाफ्यात, पाणवठ्यावर. कुत्रं अंग चाटतं तेव्हा त्याच्या केसांवरही. मेंढी चरते, तिच्या काळजात पुन्हा गाठ धरते.

पुष्कळांना वाटतं, असलं काळीज खाल्लं की आपल्यालाही गाठ होते. तसं नाही. पोटात जावं लागतं ते अंडं, आणि ते येतं कुत्र्याकडून. म्हणून गळ्यात माळ घातलेला, मटणाला कधी न शिवलेला माणूसही सुटत नाही. न धुतलेली मेथी पुरते.

माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात ही गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते. फुटली तर जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात कुठल्याही घडीला दहा लाखांहून जास्त लोकांना हा आजार असतो.

(चूल, काळं पडलेलं पातेलं)

खंडोबाला मानणाऱ्या घरात कुत्र्यावर काठी उचलत नाहीत. उचलूही नये. वजडी आणि असले गाठीचे तुकडे अर्धा तास खळाखळा उकळा, मग घाला. नाहीतर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी खोल पुरा. आणि दर सहा आठवड्यांनी कुत्र्याला प्राझिक्वांटेल या जंतांच्या औषधाची गोळी, वजनाप्रमाणे, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून.

भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवली. थोरल्यानं गट्ट केली. धाकटं अजून हुंगतंय.