नाल्यात सोडलेलं पाणी हे गुपित नसतं

कारखान्याला गुपितं असतात, हे आधीच मान्य करून टाकू. कुठला उत्प्रेरक, किती तापमानाला, कुठल्या क्रमाने, यावर एखाद्या रसायन कंपनीचा अख्खा धंदा उभा असतो. ते जगजाहीर करा असं इथे कोणी म्हणत नाही. मसाल्याची कृती घरातच ठेवा. पण तुमच्या मोरीचं पाणी माझ्या विहिरीत उतरत असेल तर त्यात काय आहे, हे मी विचारणारच.

हे विचारायचा हक्क २००५ साली माहिती अधिकाराने दिला, असं बरेच जण समजतात. पण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २५ काढून वाचा. सांडपाणी सोडायला जी संमती लागते, आपण जिला कन्सेंट म्हणतो, ती याच कलमाखाली मिळते. त्याचं सहावं पोटकलम म्हणतं की राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची, आणि त्या सांडपाण्याशी ज्याचा संबंध येतो किंवा ज्याला त्याची झळ बसते, त्याला ती बघू द्यायची. शिवाय या नोंदवहीतल्या अटी हाच निर्णायक पुरावा. ‘अशी अट आम्हाला घातलीच नव्हती’ म्हणायला जागा नाही.

आज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्रं संकेतस्थळावर टाकतं. कुठलं उत्पादन, किती टन, रोज किती घनमीटर सांडपाणी, बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, किती चालेल, सगळं त्यात सापडतं. आता गंमत बघा. प्रतिस्पर्ध्याला ज्यात खरा रस असेल तो उत्पादनाचा आकडा उघडा आहे. आणि ज्याला बाजारात कवडीची किंमत नाही, तो सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल, म्हणजे जेव्हीएस, मागितला की ‘व्यापारी गोपनीयता’ आठवते!

माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण ते उघड झाल्याने कंपनीचं स्पर्धेत नुकसान होणार असेल तरच. आणि व्यापक जनहित असेल तर तेही बाजूला ठेवता येतं. नाल्यातला सीओडी, म्हणजे घाणीचं आणखी एक माप, २५० च्या मर्यादेऐवजी ९०० निघाला, तर यातून प्रतिस्पर्धी नेमकं काय शिकणार? कलम ११ खाली कंपनीला नोटीस जाते, ती दहा दिवसांत हरकत घेते, आणि पुष्कळदा माहिती अधिकारी तिथेच फाइल मिटतो. कंपनीची हरकत ऐकून घ्यायची असते, तिला नकाराधिकार दिलेला नाही. निर्णय अधिकाऱ्यानेच द्यायचा, कारणांसकट.

जल कायद्याच्या कलम ४९ मध्ये मात्र एक खाच आहे. साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, आणि मग त्याने मागितले तर मंडळाने अहवाल द्यायचे. पण ‘जनहिताविरुद्ध’ वाटलं तर मंडळ नाही म्हणू शकतं. एका कायद्यात जनहित दार उघडतं, दुसऱ्यात तेच कडी लावतं. म्हणून माझा सल्ला, अहवाल माहिती अधिकारातूनच मागा. त्याचं कलम २२ इतर कायद्यांतल्या विसंगत तरतुदींवर मात करतं.

अमेरिकेने हा घोळ १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यातच टाळला. गुपिताला तिथेही संरक्षण आहे, पण सांडपाण्याची आकडेवारी त्यातून सरळ वगळलेली. एखाद्या घटकाच्या नावावरून प्रक्रियेचा अंदाज येतो, ही तक्रार तिथल्या कंपन्यांचीही असू शकते, आणि ती अगदीच खोटी नाही. तरी तोल पाण्याच्या बाजूने ठेवलाय. परवानाधारक स्वतः तपासणी करून सहीनिशी अहवाल देतो, तो सर्वांसाठी खुला असतो, आणि नागरिक त्याच आकड्यांवर दावा लावतात.

आपल्याकडे २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी सतरा प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रं बसवायला सांगितली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकडे लोकांसमोर मांडा असं बजावलं. चांगलं झालं. पण पडद्यावर आत्ताचा आकडा दिसून भागत नाही. मासे मेले त्या रात्रीचा लागतो.

तेव्हा अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहू नका. कारखान्याचं नाव, तारखांचा काळ, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे नमुना अहवाल, ऑनलाइन यंत्राच्या नोंदी, एवढं स्पष्ट मागा. आणि शेवटी लिहा: एखादा भाग खरोखर गोपनीय असेल तर माहिती अधिकाराच्या कलम १० प्रमाणे तेवढा वगळून उरलेलं द्यावं.