तिथीची पाऊणपट

मंडळी, कॅमेरा कुठला घ्यावा हे मी आज सांगणार नाही. ते दुकानदार सांगतोच. मी बोलणार आहे ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरबद्दल.

आकाशगंगेचा फोटो काढायला मी पहिल्यांदा गुहागरच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा फाल्गुनातली अमावास्या होती. चंद्र नाही म्हणजे काम झालं, इतकीच माझी अक्कल. रात्री साडेदहाला ओल्या पुळणीत ट्रायपॉड रोवला आणि आकाशगंगा शोधत बसलो. ती दिसेना. पाणी मात्र वर वर येत होतं. एका लाटेनं ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू नेली, तो कलला आणि लेन्स खाऱ्या पाण्यात. दुरुस्तीचा खर्च घरी अजून सांगितलेला नाही.

तिथे जाळं आवरणारे एक काका होते. म्हणाले, "आज तिथ काय? पंधरावी. पाऊणपट कर की!"

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हा हिशोब आजोबांकडून आला असेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दिवसा आणि रात्रीही सव्वाअकराच्या सुमाराला समुद्र भरलेला, त्यातून अमावास्येचं उधाण. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण कॅमेरा वाचवायला एवढं पुरे.

आता हाच हिशोब उलटा लावा. सव्वाअकरानंतर सहाएक तासांनी ओहोटी, म्हणजे पहाटे सव्वापाच. आणि मार्चअखेरीला आकाशगंगेचा गाभा, वृश्चिकेच्या नांगीपासून धनू राशीपर्यंतचा तो दाट पट्टा, उगवतोच मुळी मध्यरात्र उलटून गेल्यावर. साडेचारला तो दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला असतो. डाव्या हाताला सुरूचं बन, उजवीकडे मागे हटलेला समुद्र आणि समोर पाण्याचा पातळ थर राहिलेली पुळण. त्या थरात तारे उतरतात. पाऊण तास मिळतो, मग उजाडायला लागतं.

आपला समुद्र पश्चिमेला आहे हे विसरू नका. उन्हाळ्यात कोकणच्या समुद्रातून आकाशगंगा वर येताना कोणी फोटोत दाखवली, तर ती संगणकावर उगवलेली आहे. मला त्यात कला दिसत नाही, आळस दिसतो. समुद्रावर कललेली हवी असेल तर दिवाळीच्या अमावास्येला, कंदील लावून झाले की लगेच नैर्ऋत्येकडे बघा.

एक्स्पोजरचं, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याचं, थोडक्यात सांगतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे शटर फार वेळ उघडं राहिलं तर ताऱ्यांच्या रेघा होतात. १४ मिमीच्या लेन्सला २० सेकंद, एफ २.८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ३२०० (उजेडाची संवेदनशीलता) इथून सुरुवात करा. माडाच्या झावळ्या तेवढ्यात हलणारच. हलू द्या.

फुलांनाही वेळ असते. रत्नागिरीकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, दिपकाडी पावसाच्या सुरुवातीलाच फुलते. सीतेची आसवं भाद्रपदात. दवबिंदू या किडे खाणाऱ्या रोपाचं गुलाबी फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्याच्या पानांवरचे थेंब मात्र उन्हातही वाळत नाहीत, कारण ते दव नसून किडे धरायचा चीक आहे. तो थेंब जवळून बघा. तांबड्या केसाच्या टोकाला काचेचा मणी, आणि त्यात उलटं आभाळ. हे टिपायचं तर पालथं पडावं लागतं. इतक्या जवळून फोकस जेमतेम मिलिमीटरभर टिकतो, म्हणून मी श्वास सोडून झाल्यावर बटण दाबतो.

गेंद नावाच्या रोपाच्या पांढऱ्या बोंडांचा फोटो काढताना फसगत ठरलेली. मागे काळा कातळ असतो, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि बोंडं चुन्यासारखी सपाट येतात. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच, अख्खं आभाळ तुमचा दिवा. आणि पाय ठेवायचा तो उघड्या कातळावर, मातीवर नाही. एका फोटोसाठी शंभर रोपं तुडवणारे मी पाहिलेत, त्यांच्याशी मी भांडतो.

रविवारी सकाळी आठला सड्यावर जातोय. येणाऱ्यांनी गोणपाट आणा, छत्री आणा आणि शर्टाच्या खिशात मोबाइल ठेवू नका, पालथं पडायचं आहे.