जाळी का, पत्रा का नाही?

(दृश्य: खोडदची शेतं, मागे पांढऱ्या डिश)

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की शेतांच्या पलीकडे डिश दिसू लागतात. एकेक डिश 45 मीटर व्यासाची. अशा एकूण 30. हीच आपली जीएमआरटी, जुन्नर तालुक्यातली जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण.

28 फेब्रुवारी. राष्ट्रीय विज्ञान दिन. फाटकापाशी शाळांच्या बस लागल्यात. मुलांच्या वह्यांत इथल्या संशोधकांसाठी प्रश्न लिहून आणलेले आहेत. सुरुवात ठरलेलीच : सर, तुम्ही कुठे शिकलात? शास्त्रज्ञ कधी व्हावंसं वाटलं? उत्तरं मिळतात, वहीत उतरतात.

मग एक मुलगी वही मिटते आणि वर डिशकडे बघत विचारते, "ही जाळी का लावलीये? पत्रा का नाही?"

(दृश्य: जाळी, अगदी जवळून)

मुलाखत खरी इथे सुरू होते. जाळीची तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. चौकोन मध्यभागी 10 मिलिमीटरचे, कडेला 20 पर्यंत. ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी टिपते त्यातल्या सगळ्यात आखूड लहरीसुद्धा वीस सेंटिमीटरच्या घरात. एवढ्या लांब लहरीला ही भोकं जाणवतच नाहीत. तिच्या लेखी जाळी आणि पत्रा सारखाच. वारा मात्र बराचसा आरपार जातो. म्हणून डिश हलकी झाली, पोलाद वाचलं, खर्च आवाक्यात आला. पोलादी दोर ताणून त्यावर जाळी बसवण्याची ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

"मग कडेलाच भोकं मोठी का?"

हा उलटप्रश्न वहीत नव्हता. संशोधक हातानेच डिश करून दाखवतात : कडेवर वारा बसला की तो अख्खी डिश फिरवायला बघतो, म्हणून तिथे जाळी विरळ.

जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायची, तेव्हा ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. आणि ते येई. कित्येक घरांत ती कार्डं आजही जपून ठेवलेली आहेत. पण कार्डावर लगेच उलटून विचारता येत नाही. समोरासमोर येतं, आणि तेही आपल्या बोलीत. अशा भेटी तालुक्यातालुक्यात व्हायला हव्यात, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: मुलं संशोधकांभोवती)

आता मागून एक मुलगा विचारतो, "पण आमच्याच गावाशेजारी का?"

कारण मोठ्या शहरांचा रेडिओ-गोंगाट इथे कमी होता. भोवतीचे डोंगर बाहेरचे संदेश अडवतात. आणि पुणं साधारण 80 किलोमीटरवर. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की जवळचा एक मोबाइलही तो बुडवू शकतो.

"म्हणजे आमच्या फोनचा पण त्रास होतो?"

होतो. संशोधक हसत मान डोलावतात, आणि पुढचे पाच हात एकदम वर जातात.