वर्गणीदारांची वही

नमस्कार मंडळी. सोलापुरातून बोलतेय.

(जुनी वही कॅमेऱ्यासमोर धरत)

ही वही बघा. माझ्या आजोबांची. एका मासिकासाठी ते आपल्या गावातले वर्गणीदार गोळा करायचे. नाव, पत्ता, वर्गणी कधी संपते, आणि शेवटच्या रकान्यात 'भरली'. इथं एका नावापुढं लिहिलंय, 'गड्ड्यानंतर देतील'. गड्डा म्हणजे आमची सोलापूरची जत्रा.

आता लेखक पेड न्यूजलेटर काढतात, म्हणजे वाचक महिन्याला पैसे भरतो आणि लेख थेट त्याच्या ई-मेलवर येतो. हे काहीतरी परदेशी फॅड आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मला अजिबात वाटत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः यायच्या, आणि पुढचं प्रकरण वाचायचं तर पुढच्या अंकाची वाट बघायची. वर्गणी भरून वाचणं आपल्या अंगवळणी पडलेलंच होतं.

मग नवीन काय? वही आता लेखकाच्या हातात आली. २०१७ साली सुरू झालेलं सबस्टॅक घ्या, न्यूजलेटर पाठवायची वेबसाइट. वर्गणीतले दहा टक्के ते घेतं, पैसे वळते करायचा खर्च वेगळा, बाकी लेखकाचे. आणि ई-मेलची यादीही लेखकाची. उद्या तिथून उठावंसं वाटलं तर यादी उतरवून घ्यायची आणि निघायचं. फेसबुकवर पाच हजार फॉलोअर असले तरी त्यांतल्या एकाचाही पत्ता आपल्याकडं नसतो.

हिशोब करू. समजा अडीचशे रुपयांचं पुस्तक, रॉयल्टी दहा टक्के. हजार प्रती खपल्या तर पंचवीस हजार. हजार प्रती खपायला मराठीत किती वर्षं लागतात, ते लिहिणाऱ्यांना विचारा. आता समजा दोनशे वाचक, महिना पन्नास रुपये. महिन्याला दहा हजार, त्यातून खर्च वजा करायचा. फक्त दोनशे माणसं! एवढी तर आपल्या एका अपार्टमेंटच्या गणपतीला असतात.

पण अडचण आहे, ती सांगायलाच हवी. सबस्टॅकवर पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीमार्फत येतात, आणि स्ट्राइप भारतात नवीन खाती सरसकट देत नाही, निमंत्रण लागतं. म्हणून इथल्या लेखकाला यूपीआय ऑटोपेसारखी, दर महिन्याला आपोआप पैसे कापणारी सोय बघावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी वाचकाला मेसेज जातो. म्हणजे दर महिन्याला तो एकदा विचार करतो, ठेवू की बंद करू? काही जण बंद करतात. वाईट वाटतं, पण मला हा नियम पटतो. विसरून भरलेली वर्गणी मला नको.

सुरुवात करणार असाल तर आधी सहा महिने फुकट पाठवा. वार ठरवा आणि तो पाळा. बाकी नाव, लोगो, रंग, नंतर बघू.

माझा वार शनिवार. गेल्या गड्ड्याच्या जत्रेत घर पाहुण्यांनी भरलेलं, लेख झालाच नाही. सोमवारी सकाळी एका वाचकाचा फोन. सूतगिरणीतून निवृत्त झालेले काका. "ताई, शनिवारचं आलं नाही. तब्येत बरी आहे ना?"

पैशाचा शब्दही काढला नाही त्यांनी. त्याच रात्री भांडी आवरून बसले, दीड वाजता लेख पाठवला. तेव्हापासून दोन लेख कायम लिहून तयार ठेवते.